कर्करोगाचे संशोधन खेड्यात कसे उभे राहते? बार्शी-धाराशिवचा अनुभव आणि पुढचे प्रश्न

बालाघाट (धागाकर्ता)

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच केली तरी त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा पुरावा जगाला पहिल्यांदा मिळाला तो तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांमधून. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. एका गटाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप चाचणी (गर्भाशयमुखावरील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची), तिसऱ्याला व्हिनेगरमधील आम्ल लावून डोळ्यांनी करायची तपासणी आणि चौथ्या गटाला तेव्हा उपलब्ध होती तीच नेहमीची आरोग्यसेवा, अशी विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने केलेली होती. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांमध्ये या रोगाने ३४ मृत्यू झाले होते, तर चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांमध्ये ६४. हे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर तपासणीविषयीचे जगभरातील धोरण हळूहळू एचपीव्ही चाचणीकडे वळले.

या धाग्याचा विषय त्या निष्कर्षाच्या आधीचा आहे. ज्या भागात तेव्हा आरोग्याची साधने तुटपुंजी होती, त्या भागात इतका मोठा आणि इतका नेटका अभ्यास होऊ शकला तो कशाच्या बळावर? फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि परदेशी निधी हे सगळे होतेच. परंतु निधी आणि मार्गदर्शन पुष्कळ ठिकाणी येते आणि प्रकल्प संपला की निघूनही जाते. येथे पाया आधीच तयार होता, आणि तो शेजारच्या बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने घातला होता.

१९८७ मध्ये बार्शीत देशातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी, म्हणजे ठरलेल्या भागातील प्रत्येक कर्करोगरुग्णाची नोंद ठेवण्याचे काम, सुरू झाले. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून होती, पण शहरातील पद्धत इकडे चालणे शक्यच नव्हते. शहरात नोंदणीचा कर्मचारी रुग्णालये, प्रयोगशाळा आणि मृत्युनोंदी यांची फेरी मारतो आणि रुग्णांची नावे टिपून आणतो. भूम-परांड्यातील बाई रुग्णालयात पोहोचतच नसेल, तर तिचे नाव कोणत्या वहीत सापडणार? डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांनी यावर काढलेला मार्ग साधा आणि कष्टाचा होता. कर्मचाऱ्यांनी ठराविक काळाने प्रत्येक गावात जायचे, अंगावरून रक्त जाणे, न भरणारी जखम, स्तनातील गाठ, गिळताना होणारा त्रास अशा लक्षणांची माहिती लोकांना द्यायची, संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणायचे आणि गावातील मृत्यूंची चौकशी करायची. मोजणीचे आणि जागृतीचे काम अशा रीतीने एकाच माणसाच्या हातून होऊ लागले.

याचा एक परिणाम फार बोलका आहे. काही वर्षांतच नोंदणीच्या आकड्यांवरून दिसू लागले की या भागातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण पूर्वीपेक्षा आधीच्या टप्प्यावर उपचाराला येत आहेत. डॉ. जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हे निरीक्षण शोधनिबंधाच्या रूपात मांडले. महागडे यंत्र नाही, नवे औषध नाही; लक्षणांची माहिती घरोघरी पोहोचवल्याने रोगाचा टप्पा बदलतो, आणि तो बदलला हे सांगायला स्वतःची नोंदवही हाताशी आहे. मला संशोधनाची क्षमता म्हणजे हीच वाटते. प्रश्न तेथलाच, उत्तर शोधणारी माणसे तेथलीच आणि उत्तर खरे आहे का हे तपासण्याचे साधनही तेथलेच.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की कमी साधनांच्या भागात कर्करोग संशोधन वाढवायचे असेल, तर सर्वात आधी आणि सर्वात दीर्घकाळ पैसा नोंदणीवर आणि ती करणाऱ्या क्षेत्रकर्मचाऱ्यांवर खर्च व्हायला हवा. आज नेमके उलट घडते. इमारत उभी राहते, यंत्राचे उद्घाटन होते आणि नोंदणीचा कर्मचारी मात्र अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात २८ लोकसंख्याधारित नोंदण्या होत्या आणि त्यांच्या कक्षेत देशातील सुमारे १० टक्के लोकसंख्या येत होती. त्यातही ग्रामीण भागाचा वाटा अल्प होता.

क्षेत्रकाम, प्रयोगशाळा, आकडेशास्त्र किंवा रुग्णसेवा यांपैकी कशातही काम केलेल्या सदस्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

चांदणीकाठ

बालाघाट, या विषयावर धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी मराठवाड्यातील एका आरोग्य प्रकल्पात बरीच वर्षे क्षेत्रनिरीक्षक होतो, त्यामुळे ‘गावात जाऊन चौकशी करायची’ या एका वाक्यात किती काम दडलेले असते ते थोडे विस्ताराने सांगतो.

पहिली अडचण वेळेची. दिवसा गावात गेलात तर ज्यांच्याशी बोलायचे त्या बायका खुरपणीला किंवा कापूस वेचायला गेलेल्या असतात. त्यामुळे काम सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर. पुरुष कर्मचाऱ्याने परक्या घरात जाऊन अंगावरून जाण्याविषयी विचारणे अशक्यच. अंगणवाडीच्या ताई किंवा गावातील एखादी वडीलधारी बाई बरोबर असल्याशिवाय उंबऱ्याच्या आत विषय निघत नाही. सोबत आलेल्या बाईचीही गावात पत असावी लागते.

दुसरी अडचण मृत्यूंची. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत मृत्यूचे कारण बहुधा ‘वार्धक्य’ किंवा ‘अल्पशा आजाराने’ असे लिहिलेले असते. मग त्या घरी जायचे, सांत्वनाचे चार शब्द बोलायचे आणि हळूहळू विचारायचे: शेवटच्या वर्षात काय त्रास होत होता, कंबर दुखत होती का, कपड्याला वास येत होता का, कुठल्या दवाखान्यात नेले होते, तिथला एखादा कागद आहे का. तो कागद पुष्कळदा देव्हाऱ्यामागे किंवा पत्र्याच्या पेटीत सापडतो, आणि त्यावरच्या दोन ओळींवरून एक नोंद पूर्ण होते. बाई आजारी पडल्यावर माहेरी गेली असेल आणि तिथेच वारली असेल, तर सासरच्या गावात तिचा मृत्यू कोणत्याच वहीत लागत नाही. माहेरचे गाव माहीत नसेल तर आपण तिला जिवंतच धरून चालतो आणि आकडा चुकतो.

तिसरी अडचण ऊसतोडीची. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि धाराशिवमधील कित्येक वाड्या-तांडे रिकामे होतात. कोयत्यांवर गेलेली जोडपी पाडव्याच्या आसपास परततात. वेळापत्रक मुंबईत किंवा परदेशात बसून आखले असेल तर पाठपुराव्याची फेरी नेमकी त्या काळात येते आणि ‘सहभागी व्यक्ती अनुपस्थित’ असा शेरा मारून कागद पुढे सरकतो. ज्या बाया सर्वात कष्टाचे आणि सर्वात अनारोग्याचे जिणे जगतात, त्याच अभ्यासातून अलगद गळतात.

हे सगळे एखाद्या कर्मचाऱ्याला शिकायला दोन-तीन वर्षे लागतात. करार संपला की तो गाडीच्या एजन्सीत किंवा पतसंस्थेत नोकरी धरतो. त्याच्या जागी आलेल्या नव्या मुलाला कोणत्या गावात कोणाला आधी भेटायचे हेदेखील ठाऊक नसते. माझ्या डोळ्यांसमोर चांगली माणसे अशी निघून गेली आहेत, आणि त्यांच्याबरोबर गावांचा विश्वासही गेला आहे.

सूक्ष्मदर्शी

मी विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी काम करते. नोंदणीचे महत्त्व मान्य करून प्रयोगशाळेची बाजू मांडते, कारण निदानच पक्के नसेल तर नोंदवहीत काय लिहिणार?

आमच्याकडे येणाऱ्या ऊतीच्या तुकड्यांची अवस्था पुष्कळदा पाहवत नाही. तुकडा काढल्याबरोबर तो पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, पडला पाहिजे. प्रत्यक्षात तो सलाईनमध्ये, कधी स्पिरिटमध्ये, तर कधी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत तळाशी चिकटलेला येतो. अरुंद तोंडाच्या बाटलीतून तो बाहेर काढताना आणखी चुरगळतो. सोबतच्या अर्जावर वय, नाव आणि ‘बायोप्सी’ एवढेच लिहिलेले. तुकडा कुठून घेतला, लक्षणे किती दिवसांची, काही नाही. अशा नमुन्यावर पुढे कोणतीही आधुनिक तपासणी करता येत नाही. ऊतीचे तुकडे ज्यांत बसवलेले असतात ते मेणाचे ठोकळे जपून ठेवायला कोरडी, उंदरांपासून सुरक्षित खोली लागते. ती नसली की काही वर्षांनी संशोधनाला लागणारा सगळा साठा वाया गेलेला असतो. यांपैकी एकाही गोष्टीला फार मोठा खर्च येत नाही.

उस्मानाबादच्या अभ्यासात पॅप आणि एचपीव्ही या दोन्ही चाचण्यांचे काम बार्शीच्याच प्रयोगशाळेत होत होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नमुने बंद डब्यातून महानगरात पाठवून दिले असते तर अहवाल आला असता, पण येथे एकही तंत्रज्ञ तयार झाला नसता.

आणखी एक मुद्दा मला या अभ्यासातून सर्वाधिक शिकण्यासारखा वाटतो. व्हिनेगर तपासणीच्या गटात येथे मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. तमिळनाडूतील दिंडिगुल जिल्ह्यात मात्र याच पद्धतीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दीड लाखांवर स्त्रियांमध्ये केलेल्या अभ्यासात, दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्यावर, ३१ टक्के घट दिसली. तेथे तपासणी करणाऱ्या मुली डॉक्टर किंवा परिचारिका नव्हत्या, त्या दहावीपर्यंत शिकलेल्या आणि खास प्रशिक्षण दिलेल्या होत्या. एकच पद्धत, तीन ठिकाणी वेगवेगळे फळ. जी तपासणी पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते तिच्यात प्रशिक्षण, देखरेख आणि फेऱ्यांची संख्या यांनी मोठा फरक पडू शकतो. एका ठिकाणचा निष्कर्ष उचलून दुसरीकडे लावता येत नाही, त्या त्या भागाला स्वतः तपासून पाहण्याची ताकद लागते, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

प्रश्नचिन्ह

चर्चा चांगली चालली आहे, परंतु एक गोष्ट कोणीच मांडलेली नाही. धाराशिवच्या अभ्यासातील चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणी दिली गेली नव्हती. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी उपयुक्त असते हे श्रीमंत देशांना पॅप चाचणीमुळे कित्येक दशके ठाऊक होते. असे असताना ३१ हजारांहून अधिक खेडूत स्त्रियांना केवळ तुलनेसाठी तसेच ठेवणे न्याय्य होते काय? धाराशिव आणि मुंबई या दोन्ही ठिकाणच्या नियंत्रण गटांविषयी वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकांत तीव्र वाद झाला आहे. ‘कमी साधनांच्या भागातील संशोधन’ म्हणताना तेथील माणूस स्वस्तात मिळणारा नमुना तर ठरत नाही ना, हे प्रत्येक वेळी विचारले गेले पाहिजे. ज्या घरातील बाई त्या चौसष्टांमध्ये होती, त्या घराला या निष्कर्षाचे कौतुक कसे सांगणार?

बालाघाट

प्रश्नचिन्ह, आपला आक्षेप मी गंभीरपणे घेतो. चौसष्ट हा आकडा मी वर लिहिला तो त्या प्रत्येक मृत्यूची जाणीव ठेवूनच.

अभ्यास करणाऱ्यांची बाजू अशी होती की पॅप चाचणीचा फायदा श्रीमंत देशांत दिसला तो चोख प्रयोगशाळा आणि वारंवार तपासणी यांमुळे. मराठवाड्यातील खेड्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू कमी होतील काय, याचे उत्तर कोणाकडेही नव्हते, आणि नेहमीच्या सेवेत तेव्हा तपासणी जवळपास नव्हतीच. प्रत्यक्ष निकालही असा लागला की पॅप आणि व्हिनेगर या दोन्ही गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. म्हणजे उत्तर आधीच ठाऊक होते असे म्हणता येत नाही. तरीही आपला प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. आज पुरावा हाती असताना कोणी असा तपासणीविना गट ठेवू पाहील, तर त्याला माझा स्पष्ट विरोध राहील. आणि असा निर्णय ज्या नीतिसमितीत होतो, तिच्यात त्या तालुक्यातील बायकांची बाजू जाणणारी, त्यांच्या भाषेत प्रश्न विचारणारी माणसे असलीच पाहिजेत. नीतिसमिती सक्षम असणे हाही संशोधनक्षमतेचाच भाग आहे. तिच्यासाठी मात्र क्वचितच कोणी निधी मागतो.

परंतु खरी देणेदारी मला निष्कर्ष आल्यानंतरच्या काळात दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्यांचे प्रमाण १.९ टक्के होते. धाराशिवच्या बायकांनी दिलेल्या पुराव्यावर जगाने धोरणे आखली आणि देशातील शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव जणींपर्यंत ती पोहोचलीच नाहीत. २०२२ च्या अंदाजानुसार देशात या रोगाचे वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू आहेत. अभ्यासात भाग घेतलेल्या समाजाला त्याचे फळ मिळण्याची तरतूद अभ्यासाच्या आराखड्यातच असावी, आणि सरकारची सही त्यावर आधी घ्यावी, असे मला आग्रहाने वाटते.

संशोधनावरचा विश्वास एकदा डळमळला की काय होते याचेही उदाहरण जवळच आहे. २००९ मध्ये एचपीव्ही लसीच्या दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारा अभ्यास देशात नऊ ठिकाणी सुरू झाला. बार्शी आणि पुणे त्यांत होते. वीस हजार मुलींना लस द्यायची होती. त्याच सुमारास आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील एका वेगळ्या लस प्रकल्पात संमती घेण्याच्या पद्धतीवरून आणि काही मुलींच्या मृत्यूंवरून मोठे वादळ उठले, आणि २०१० मध्ये सरकारने या अभ्यासातील लसीकरणही थांबवले. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती, आणि त्यांतील जवळपास पाच हजार जणींना एकच मात्रा. अभ्यास तेथेच बंद पडायचा. पण केंद्रांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. त्यांची लग्ने झाली, गावे बदलली, तरी त्यांना शोधून तपासत राहिले. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एका मात्रेचा परिणाम, विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध, सुमारे ९५ टक्के आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला त्यामागे जे पुरावे होते, त्यांत याची गणना होते. लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी दहा वर्षांनी सापडते, ती चांदणीकाठ यांनी वर्णन केलेल्या कामामुळेच.

हिशेबनीस

मी मूळचा लातूरचा, सध्या इंग्लंडमध्ये आकडेशास्त्रज्ञ म्हणून काम करतो. नोंदणीच्या आकड्यांविषयी थोडे.

२०२० च्या अहवालात पुरुषांमधील कर्करोगाचा वयानुरूप दर (लोकसंख्येतील वयाचा फरक हिशेबात धरून काढलेला) मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात लाखामागे २६९.४ होता, आणि देशात सर्वात कमी, ३९.५, होता तो उस्मानाबाद आणि बीड या जिल्ह्यांत. हा फरक वाचून दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात. एक म्हणते की मराठवाड्यात कर्करोग नाहीच. दुसरी म्हणते की तिथे कोणी मोजलेच नाही. दोन्ही घाईच्या आहेत. नोंदणीचा दर्जा तपासण्याच्या ठरलेल्या कसोट्या असतात: किती निदाने सूक्ष्मदर्शकाखाली पक्की झाली, किती रुग्णांची माहिती केवळ मृत्युनोंदीतून मिळाली, नव्या रुग्णांशी मृत्यूंचे प्रमाण किती आहे. या कसोट्या लावून आकडा वाचणारा माणूस त्या जिल्ह्यातच हवा, कारण कोणत्या तालुक्यात त्या वर्षी कर्मचारी नव्हता हे त्यालाच माहीत असते.

नेमका तोच माणूस आपल्याकडे नसतो. माहिती गावातून गोळा होते, संगणकात भरली जाते आणि विश्लेषणासाठी बाहेर जाते. परत येतो तो छापील निबंध. लेखकांच्या यादीत क्षेत्रकाम करणाऱ्यांची नावे असली तरी, माहितीला वेगळा प्रश्न विचारावा असे त्यांच्या मनात आले तर ते विचारण्याचे कसब त्यांच्याकडे दिलेले नसते. मी दरवर्षी सुट्टीत आल्यावर एका ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातील मुलांना विश्लेषण शिकवतो. वापरायची संगणक प्रणाली मोफत मिळते, मुले हुशार आहेत. अडते ते एवढ्यावरच की तेथे आकडेशास्त्रज्ञाचे मंजूर पद असले तरी भरलेले नाही. एका जिल्ह्यासाठी एक पूर्णवेळ, कायम आकडेशास्त्रज्ञ, एवढीच माझी मागणी आहे, आणि ती कोणत्याही स्कॅनरपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

सावली

मी आशा गटप्रवर्तक आहे. वर सगळ्यांनी लिहिलेले वाचून बरे वाटले, परंतु प्रत्यक्ष काम कोणाच्या खांद्यावर येते ते लिहिणे भाग आहे. आमच्या आशाताईंकडे गरोदर मातांच्या नोंदी, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, रक्तदाब-मधुमेहाचे अर्ज असे काम आधीच आहे. त्यात कर्करोगाचा अर्ज आला की तो घरी बसून भरला जाण्याचा धोका असतो, आणि त्यात ताईंना दोष देता येणार नाही. माहिती खरी हवी असेल तर त्या कामाचा वेगळा आणि वेळेवर मोबदला द्यावा.

दुसरे असे की तपासणीला बाया का येत नाहीत याची कारणे आम्हाला माहीत आहेत. उपकेंद्रात पडदा नसतो, तपासणीचे टेबल मोडके असते, अर्धा दिवस मजुरी बुडते. एचपीव्ही चाचणीसाठी बाईला स्वतःचा नमुना स्वतः घेता येतो, असे प्रशिक्षणात ऐकले. तसे झाले तर पुष्कळ जणी तयार होतील असे मला वाटते. आमच्या भागात हे चालते का, हा अभ्यास कोणी का करत नाही?

आणि बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्याचा विषय २०१९ मध्ये गाजला होता. तेव्हाच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कित्येकींना ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेली होती. कर्करोगाची तपासणी गावात नीट होत असती, तर ही भीती इतक्या सहज विकली गेली नसती.

सूक्ष्मदर्शी

सावलीताई, आपल्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही चाचणीसाठी स्वतः घेतलेला नमुना ग्राह्य धरला आहे. आपण विचारलेला प्रश्न हा संशोधनाचा उत्तम प्रश्न आहे, आणि तो शहरातून कोणाला सुचला नसता.

पहिली पायरी

मी अंबाजोगाई परिसरात काम करणारा तरुण डॉक्टर आहे आणि कर्करोगतज्ज्ञ होण्याची इच्छा आहे. मला मोठ्या चाचण्यांपेक्षा गरिबीतून निघालेले प्रश्न अधिक ओढ लावतात. टाटा रुग्णालयात डोके-मानेच्या कर्करोगासाठी निव्होलुमॅब हे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला मदत करणारे औषध दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, देऊन पाहिले. १५१ रुग्णांच्या त्या अभ्यासात वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. औषध बनवणारी कंपनी कमी औषध पुरते का हे स्वतःहून कशाला तपासेल? तसेच स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिडोकेन हे साधे बधिरतेचे औषध टोचण्याचा अभ्यास देशातील ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांमध्ये झाला आणि पाच वर्षांनंतर जगण्याचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलेले दिसले. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमुळे (देशातील कर्करोग केंद्रांच्या जाळ्यामुळे) लहान केंद्रांनाही अशा अभ्यासांत सामील होण्याची वाट मोकळी झाली आहे, आणि संशोधनाचा आराखडा लिहायला शिकवणाऱ्या कार्यशाळाही होतात.

तरीही माझ्यासमोरचा प्रश्न अगदी व्यावहारिक आहे. माझ्याकडे निधी नाही, मदतनीस नाही, ओपीडीत दिवसाला शंभरावर रुग्ण असतात. उद्यापासून मी काय सुरू करू शकतो?

बालाघाट

डॉक्टर, सुरुवात एका रोगापासून करा. आपल्या भागात तोंडाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग घेतलात तर रुग्ण पुरेसे मिळतील. प्रत्येक संशयित रुग्णासाठी एका ठरलेल्या वहीत लक्षण पहिल्यांदा कधी जाणवले, आपल्याकडे कधी आला, मधल्या काळात कोणाकोणाकडे गेला, कोणत्या टप्प्यावर निदान झाले आणि उपचार पूर्ण झाले का, एवढे लिहीत जा. संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आधीच घेऊन ठेवा. वर्षभरात आपल्याला दिसू लागेल की उशीर नेमका कोठे होतो: घरी, गावच्या डॉक्टरकडे, की तालुक्याहून शहरात पाठवल्यानंतर. विश्लेषणासाठी हिशेबनीस यांनी मदतीची तयारी दाखवली, तर त्यांच्याशी येथूनच संपर्क साधता येईल.

हिशेबनीस

आनंदाने मदत करीन. मात्र विश्लेषण मी करून देणार नाही; डॉक्टरांच्या महाविद्यालयातील एखादा विद्यार्थी निवडा, मी त्याला ते करायला शिकवीन.

चांदणीकाठ

डॉक्टर, वहीविषयी माझ्या अनुभवातून थोडे सांगतो. बाईचे सासरचे आणि माहेरचे गाव वेगवेगळ्या रकान्यांत, तालुक्यासह लिहा, कारण एकाच नावाची गावे पुष्कळ असतात. वय विचारताना ‘थोरला मुलगा किती वर्षांचा’ आणि ‘लग्नाच्या वेळी वय काय होते’ हेही विचारून पडताळा घ्या. मोबाईल क्रमांक किमान दोन घ्या; ऊसतोडीला जाणारे कुटुंब असेल तर मुकादमाचाही घ्या आणि कोणत्या कारखान्याला जातात ते लिहून ठेवा. मुकादमाला फोन करताना मात्र फक्त ‘दवाखान्यातून निरोप आहे’ एवढेच सांगा. आजाराचे नाव त्याला कळता कामा नये, कारण आजारी बाईच्या जोडीला कामाची आगाऊ उचल मिळत नाही आणि मग ते कुटुंब पुन्हा आपल्या दारात येत नाही.